मुंबईचं सीएसएमटी स्टेशन : घाबरायचं कशाला?

तायांनो, प्रदर्शनात माल विकायला मुंबईला जायचं म्हटलं, की पहिली धास्ती त्या मोठ्या स्टेशनची. म्हणून आज त्याचीच ओळख करून घेऊ.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. त्याच परिसरात १८७८ मध्ये आजच्या इमारतीचं काम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. तिथल्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचाही हात आहे. आधीचं नाव व्हिक्टोरिया टर्मिनस; १९९६ मध्ये शिवरायांचं नाव मिळालं. २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा आहे.

आता कामाचं. एकूण १८ फलाट. १ ते ७ वर लोकल, ८ ते १८ वर लांबच्या गाड्या. गाडी इथेच संपते, त्यामुळे उतरायची घाई नको.

स्लीपरमध्ये माणशी ४० किलो, जनरल डब्यात ३५ किलो सामान फुकट नेता येतं. जास्त असेल तर निघतानाच पार्सल ऑफिसात बुक करा. नाहीतर दंडातच पापडाचा नफा जायचा! क्लोकरूममध्ये ठेवायच्या बॅगेला कुलूप हवं, तिकीटही जवळ हवं. अडचण आली तर १३९ ला फोन लावा.

आणखी एक. रेल्वेच्या ‘एक स्टेशन एक उत्पादन’ योजनेत बचत गटांनाही स्टेशनवर स्टॉल मिळू शकतो. आपल्या जवळच्या स्टेशन मास्तरांकडे चौकशी करा आणि पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.