ताडोबातला 'नंबर' आणि फोनमधलं ॲप

आज जाऊया चंद्रपूरला, ताडोबाच्या मोहर्ली गेटवर. इथे आसपासच्या गावातली पोरंपोरी सफारी गाइड आहेत. कोण कुठल्या जिप्सीत बसणार, हे पाळीने ठरतं. फेरी झाली की नंबर रांगेत शेवटी. आम्ही कोडिंगवाले याला 'राउंड रॉबिन' म्हणतो.

डिलिव्हरीच्या ॲपमध्येही काम वाटलं जातं, पण कोणत्या हिशेबाने, ते पोराला दिसत नाही. गेटवरची रांग सगळ्यांना दिसते. कोणी मधे घुसला तर लगेच विचारता येतं, "काय गा, माझा नंबर कुठं गेला?"

पण पाळीने फेऱ्या सारख्या होतात, कमाई नाही. वाघ दिसला तर टिप. नाही दिसला तर नुसतीच मजुरी. शिवाय पावसाळ्यात तीन महिने कोअर बंद.

मग काय करायचं? शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. मजुरीतला काही भाग ग्रामकोषात टाकायची रीतही आहे.

म्हणजे बघा, रांग न्याय देते, पण रिकाम्या महिन्यात पोट भरत नाही. त्यासाठी एकत्र बसून डबा मांडावा लागतो. तुमच्या कामावर असा डबा आहे का?