मांजा उरतो झाडावर

संक्रांत सरली की छत्रपती संभाजीनगरच्या आभाळातले पतंग उतरतात. मांजा मात्र झाडांवर आणि विजेच्या तारांवर लोंबत राहतो. सुती दोरा उन्हापावसात कुजतो, नायलॉनचा महिनोन्‌महिने टिकतो. नेमका हाच घारींच्या विणीचा हंगाम. काडी नाहीतर भक्ष्य घेऊन घरट्याकडे वळलेली घार त्यात अडकते आणि सुटायला जितकी धडपडते तितका दोरा आत रुततो.

घाव बहुधा पंखाच्या पुढच्या कडेवर बसतो. खांद्यापासून मनगटापर्यंत तिथे कातडीचा पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या काठाने एक बारीक कंडरा जाते. ती तुटली की पंख पुरता उघडत नाही. रक्त फारसे येत नाही, म्हणून जखम किरकोळ वाटते. पण उघडी पडलेली कंडरा हवेने सुकते आणि मग टाके घालूनही उपयोग होत नाही. शिकारी पक्ष्याला नव्वद टक्के बरे होऊन चालत नाही. ज्याला झेप घेता येत नाही, तो उपाशी मरतो.

जखमी पक्षी दिसला की आपण पाणी घेऊन धावतो. तिथेच घात होतो. पक्ष्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोचीत ओतलेले पाणी सरळ फुफ्फुसात उतरू शकते. दुसरी चूक घट्ट धरण्याची. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड हलले तरच हवा आत जाते. छाती आवळली की तो हातातच गुदमरतो.

पिल्लांची गोष्ट वेगळी. पिंगळ्याचे पिल्लू जमिनीवर दिसले म्हणजे ते पोरके झाले असे नाही. पिंगळ्याची पिल्ले नीट उडता येण्याआधीच ढोलीबाहेर येतात आणि आईबाप त्यांना भरवत असतात. माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लाला टाकत नाहीत. धडधाकट पिल्लू ढोलीत किंवा जवळच्या फांदीवर ठेवावे, हाच खरा उपचार. मायेने घरी नेऊन नुसते चिकनचे तुकडे भरवले, तर हाडांतून मिळणारा चुना त्याला मिळत नाही आणि पाय वाकतात. शिवाय ते माणसालाच आईबाप समजू लागते.

राहिला प्रश्न मांजाचा. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर २०१७ मध्ये बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही स्वतःहून दखल घेतली. तरी तो मिळतो, कारण आपण तो विकत घेतो.

जखमी घार दिसली तर तिच्यावर जाड कापड टाका, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून अंधार आणि शांतता द्या. रुतलेला दोरा ओढू नका, बाहेरचा कापा. पाणी नको, खाणे नको, फोटो नकोत. आणि लगेच वन विभागाला १९२६ वर फोन करा.