चाकूवाल्यांचा मुक्काम

हाताने घडवलेल्या चाकूचं वजन फोटोत कळत नाही. मूठ तळहातात नीट बसते की कुठे बोचते, तोल पुढे जातो की बोटापाशी राहतो, हे गिऱ्हाइकाने चाकू हातात घेतल्यावरच ठरतं. त्यामुळे हा माल घडवणाऱ्याला कधी ना कधी भट्टी सोडून रस्त्यावर यावं लागतं. अमेरिकेत असे कारागीर व्हॅन किंवा पिकअप ट्रकमध्ये तंबू, शेगडी आणि चाकूंची पेटी टाकून एका प्रदर्शनाहून दुसऱ्या प्रदर्शनाला जातात. वाटेत हॉटेलाला पैसे न देता सरकारी जंगलात किंवा वाळवंटात मुक्काम करतात. प्रवास, भटकंती आणि मालाची जाहिरात एकाच पेट्रोलवर भागते. हा धंदा नेमका कशावर चालतो, याचा शोध घेत गेलं की हाती दोन गोष्टी लागतात. एक धार, आणि दुसरी रात्रीच्या मुक्कामाची जागा. दुसरी गोष्ट आपल्या घिसाड्यांच्या पालांपर्यंत आणून सोडते.

जंगलातून आलेली मागणी

तंबू आणि चाकू यांची जोडी अमेरिकेत जुनी आहे. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हे ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहीत. १८८४ साली त्यांचं ‘वुडक्राफ्ट’ प्रसिद्ध झालं. कमी सामानात, कमी पैशांत जंगलात कसं राहावं, हा त्याचा विषय. त्यांच्या पडशीत हत्यारं तीनच होती: छोटी दुधारी कुऱ्हाड, पाठीला किंचित कुबड असलेला म्यानातला चाकू आणि खिशातला घडीचा चाकू. पुढे होरेस केफार्ट आले. सेंट लुईसच्या एका ग्रंथालयाचे ते प्रमुख होते. ती नोकरी सुटल्यावर १९०४ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत जाऊन राहिले आणि १९०६ मध्ये त्यांनी भटक्यांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक लिहिला. दुकानात टांगलेल्या भल्यामोठ्या शिकारी सुऱ्यांना त्यांनी नाटकी ठरवलं. भाकरी कापायला, मासा साफ करायला, काठी तासायला चार-पाच इंचांचं साधं पातं पुरतं, हे त्यांचं मत. तसा चाकू त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या कोलक्लेसर बंधूंकडून घडवून घेतला. आजही कित्येक कारागीर ‘केफार्ट’ नावाने तोच आकार घडवतात.

या धंद्यातली जाहिरात कशी होते, हे पुढच्या गोष्टीतून कळतं. १९३७ च्या सुमाराला फ्लोरिडाचे बो रँडल मिशिगनच्या वॉलून तलावाकाठी सुटीवर होते. एक माणूस चाकूने बोटीचा जुना रंग खरवडत होता आणि तरी पात्याची धार जात नव्हती. तो चाकू बिल स्केगल नावाच्या कारागिराचा निघाला. रँडलनी तो विकत घेतला आणि घरी येऊन स्वतः घडवायला लागले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मागण्या येऊ लागल्या. त्यांच्या ऑर्लँडोच्या कारखान्यात आजही चाकूसाठी काही वर्षं थांबावं लागतं. स्केगलने रँडलना काही विकायचा प्रयत्न केलाच नव्हता. चाकू कामात दिसला, एवढं पुरलं. भटकंती करत विकणारा कारागीर आज हेच करतो. सकाळी तंबूसमोर आपल्याच चाकूने ढलप्या काढतो, त्याच चाकूने कांदा चिरतो, आणि ते चित्रीकरण गिऱ्हाइकांपर्यंत पोचवतो.

दोर, लाकूड, केस आणि वाक

पण कांदा कुठलाही चाकू चिरतो. कारागिराला पत लागते, आणि ती द्यायला एक संस्था आहे. १९७३ साली कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात बिल मोरान यांनी दमास्कस पद्धतीचे, म्हणजे थरांवर थर जोडून घडवलेल्या पोलादाचे चाकू मांडले. १९७६ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली. ग्राइंडरवर पट्टी घासून चाकू करणारे तेव्हा पुष्कळ होते. ऐरणीवर ठोकून घडवण्याची विद्या मात्र मागे पडत चालली होती, ती टिकवणं हा संस्थेचा हेतू.

या संस्थेच्या ‘जर्नीमन’ पदवीची परीक्षा मुळातून पाहण्यासारखी आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेला चाकू घेऊन एखाद्या ‘मास्टर’ पदवीच्या कारागिरासमोर उभं राहायचं. पातं दहा इंचांहून लांब नको. एक इंच जाडीचा दोर वरून मोकळा लोंबकळत असतो. तो एकाच घावात तुटला पाहिजे. खालचं टोक कुणी धरलेलं नसतं, त्यामुळे धार जरा बोथट असली तरी दोर नुसता झुलतो. मग बांधकामाची ‘टू बाय फोर’ फळी दोनदा आरपार तोडायची. लगेच त्याच धारेने दंडावरचे केस काढून दाखवायचे. शेवटी पातं शेगड्यात धरून नव्वद अंशांत वाकवायचं. तुटलं की नापास. ज्या चाकूने एवढं सोसलं तो विकायच्या कामाचा उरत नाही. पुढची पायरी म्हणजे पाच देखणे चाकू परीक्षकांपुढे ठेवायचे. ही तपासणी बहुधा अटलांटाला जूनमध्ये भरणाऱ्या ‘ब्लेड शो’त होते.

कठीण पातं ठिसूळ असतं आणि लवचीक पात्याची धार लवकर जाते. परीक्षेला दोन्ही हवं. म्हणून फक्त धारेची बाजू तापवून तेलात विझवतात आणि पाठ मऊ ठेवतात. पोलाद पुरेसं तापलं की नाही हे ओळखायला भट्टीशेजारी चुंबक टांगलेलं असतं. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर नेऊन पाणी द्यायचं, आणि मग दोनशेच्या आसपास पुन्हा शेकून ठिसूळपणा काढायचा. ‘५१६०’ या क्रमांकाचं पोलाद अमेरिकी लोहारांच्या विशेष पसंतीचं आहे. ते मूळचं गाड्यांच्या कमानपाट्यांचं.

हिशेब सुऱ्यांत

आता खर्चाकडे वळू. समजा एक चाकू ३०० डॉलरला जातो. जूनमध्ये अटलांटाला असलेला कारागीर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या क्वार्ट्‌झसाइटला निघाला. अंतर दोन हजार मैलांच्या घरात. व्हॅन गॅलनला सोळा मैल देते आणि पेट्रोल साडेतीन डॉलर धरलं, तर जाण्याचा खर्च सुमारे ४४० डॉलर, म्हणजे दीड चाकू. वाटेत दहा रात्री ८० डॉलरच्या मोटेलात काढल्या तर ८०० डॉलर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन चाकू. पेट्रोलपेक्षा झोप महाग पडते. म्हणून हा सगळा उद्योग फुकट झोपायला मिळण्यावर उभा आहे.

आणि तिथे ते मिळतं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे, वन खात्याकडे आणखी सुमारे १९.३ कोटी. यातल्या बऱ्याच भागात कुणालाही फुकट तंबू टाकता येतो. ब्युरोचा सर्वसाधारण नियम २८ दिवसांत १४ दिवसांचा. मग तळ हलवायचा. पाणी, संडास, कचऱ्याची सोय नाही. जे आणाल ते परत न्यायचं. हिवाळ्यात वाळवंटात लांब मुक्काम करणाऱ्यांसाठी १९८३ पासून वेगळे तळ आहेत. क्वार्ट्‌झसाइटजवळचा ला पोसा हा त्यांतलाच. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सगळ्या हंगामाचा परवाना कित्येक वर्षं १८० डॉलरला मिळत आला आहे, पंधरवड्याचा ४० डॉलरला. जानेवारीत या छोट्या गावात खडे-रत्नांचे मोठे बाजार भरतात आणि वाळवंटात गाड्यांचं शहर उभं राहतं. अशा गर्दीत चाकूचं टेबल मांडणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत जावं लागत नाही.

झोपा, पण विकू नका

इथे एक मेख आहे. ज्या जमिनीवर फुकट झोपता येतं, तिथे विकता येत नाही. राष्ट्रीय वनांत खास परवानगीशिवाय कुठलाही माल विकणं किंवा विक्रीला मांडणं हा नियमभंग आहे. शेजारच्या तंबूवाल्याने चाकू हातात घेऊन ‘केवढ्याला?’ असं विचारलं, तर शहाणा कारागीर त्याला उद्याच्या बाजारातल्या टेबलाचा पत्ता देतो. बाजारातही त्या त्या राज्याचा तात्पुरता विक्रीपरवाना काढून विक्रीकर भरावा लागतो.

शिवाय माल चाकू आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंधनं घातली. बाकी सगळं राज्याराज्यावर. टेक्ससमध्ये साडेपाच इंचांपेक्षा लांब पात्याचा चाकू बाळगणं २०१७ पर्यंत गुन्हा होता. आता शाळा, मद्यालयं अशा ठरावीक जागा सोडून चालतो. कॅलिफोर्नियात न मिटणारा चाकू कमरेला उघड म्यानात चालतो, पण तोच कपड्यांखाली लपवला तर गुन्हा. त्यामुळे या प्रवाशाच्या नकाशावर रस्त्यांबरोबर कायद्यांच्याही सीमा असतात. माल गाडीत मागे, कुलपात ठेवायचा, हा त्याचा शिरस्ता.

एका गोष्टीत मात्र हा भटका नशीबवान आहे. घर नसलं तरी त्याला पत्ता मिळतो. साउथ डकोटा राज्यात टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता आणि राज्यात एक रात्र राहिल्याची मोटेल किंवा कॅम्पग्राउंडची पावती दाखवली, की फिरत्या माणसाला वाहन परवाना मिळू शकतो. एका रात्रीची पावती पुरते.

आपल्याकडचे चाकूवाले

हे वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर घिसाडी आले नाहीत तरच नवल. रस्त्याकडेला पाल, शेजारी पूर्वी बैलगाडी आणि आता एखादा टेम्पो, जमिनीत रोवलेली ऐरण, हाताने फिरवायच्या पंख्याची भट्टी. कारभारी सांडशीत लालबुंद तुकडा धरतो आणि छोट्या हातोडीने टक्‌ करून जागा दाखवतो. त्याच जागी कारभारीण घण घालते. टक्‌-धाड, टक्‌-धाड. एक शब्दही बोलावा लागत नाही. हातोडी ऐरणीवर नुसती वाजली की घण थांबतो. पावसाळ्याआधी खुरपी आणि फाळांची कामं, ऊसतोडीच्या तोंडावर कोयते, एरवी विळे, कुऱ्हाडी, विळीची पाती. पुष्कळदा लोखंड भंगारातून आणलेल्या ट्रकच्या कमानपाट्याचं. अमेरिकी लोहार नवीकोरी पट्टी विकत घेतो, घिसाडी मोडकी आणतो, पण जात बहुतेक तीच. विळा घेणारी बाई अंगठा आडवा फिरवून धार बघते आणि नाक मुरडते. ‘आणखी एक हात मार की दादा,’ म्हणते. परीक्षा इथेही आहे, फक्त प्रमाणपत्र नाही.

घिसाडी आपलं मूळ राजस्थानात सांगतात. तिथल्या गाडुलिया लोहारांची परंपरा अशी, की १५६८ मध्ये चित्तोड पडल्यावर त्यांनी पक्क्या घरात न राहण्याची शपथ घेतली. १९५५ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी त्यांना समारंभाने चित्तोडगडावर नेऊन ती शपथ सोडवली. महाराष्ट्रात घिसाडी भटक्या जमाती (ब) मध्ये येतात. विक्रीची अडचण त्यांना तुलनेने कमी. शस्त्र कायद्यातली नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदीची मर्यादा शेतीच्या आणि घरगुती अवजारांना लागू नाही. आठवडी बाजारात पावती फाडली की बसायला जागा मिळते. शहरांत २०१४ चा पथविक्रेता कायदा फिरत्या विक्रेत्यांचीही दखल घेतो.

अडचण बाजार उठल्यावर सुरू होते. अमेरिकेत झोपता येतं, विकता येत नाही. इथे विकता येतं, झोपता येत नाही. गायरानावर पाल टाकलं तर गाव हटकतं, रस्त्याकडेला टाकलं तर पोलीस. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात उपजीविकेचं दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणंसुद्धा ‘भीक’ या व्याख्येत बसतं. ज्याच्यापुढे भट्टी पेटलेली आहे त्याला ते लागू पडू नये. पण पावसाळ्यात भट्टी विझलेली असते.

कागदाचा प्रश्न याहून जड. जातीच्या दाखल्यासाठी भटक्या-विमुक्तांकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. साउथ डकोटात एका रात्रीची पावती चालते. इथे साठ वर्षांपूर्वी आजोबा कुठल्या गावाच्या हद्दीत मुक्कामाला होते ते सिद्ध करायचं, आणि त्या मुक्कामाची पावती तेव्हा कुणी दिलेलीच नसते. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात घर आणि ओळखपत्रं या दोन्ही उणिवांवर बोट ठेवलं होतं. राज्य सरकारने यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली: वीस कुटुंबांची वसाहत, प्रत्येकाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचं घर. ज्यांना स्थिर व्हायचं आहे त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे. मुलांच्या शाळेसाठी तर फारच. पण घर मिळालं तरी धंदा वर्षातले काही महिने कुटुंबाला बाहेर काढतोच. ऊस जिथे असेल तिथे कोयता न्यावा लागतो. घर बांधून देण्याचा विचार आपण केला, वाटेवरच्या मुक्कामाचा केला नाही.

अमेरिकेतला फिरता चाकूवाला हौशी, सुशिक्षित, बहुधा निवृत्तिवेतनावरचा किंवा दुसरी नोकरी असलेला. कंटाळला की भटकंती थांबवू शकतो. घिसाड्याला ती सोय नाही. हा फरक विसरून तुलना करणं अन्यायाचं होईल. पण तिथल्या व्यवस्थेतला एक नियम उचलण्यासारखा आहे: मुक्कामाला जागा, दिवसांची मर्यादा, आणि राहिल्याची कागदावर नोंद. आपल्याकडे आठवडी बाजाराची जागा बाजाराचा एक दिवस सोडला तर आठवडाभर रिकामी असते. तिथे पाणवठाही बहुधा असतो. ग्रामपंचायतीने तिथे ठरावीक दिवसांचा मुक्काम मान्य करावा आणि तो पुरावा म्हणून धरला जावा. बाजाराची पावती आजही फाडली जातेच. तिच्यावर मुक्कामाच्या तारखा घालायला जास्तीची शाई सोडली तर काही खर्च येणार नाही.