जात्याची घरघर आणि पंख्याची घरघर

संगीतासाठी संगणक घ्यायचा म्हटला की आपण पहिल्याने विचारतो, प्रोसेसर कोणता? मग विचारतो, वेग किती? तिसरा प्रश्न, ‘तो स्वतः किती बोलतो?’, हा सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, आणि तो मला शिकविला आहुप्याच्या जात्याने.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डिंभे धरणाच्या पाठीमागे, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे वसले आहे. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळ्यांची. गावाजवळ जुनी देवराई आहे आणि कड्याखाली कोकण. पिठाची गिरणी आली तशी पहाटेची जाती थांबली. ओव्या आता उरल्या आहेत त्या म्हाताऱ्या बायकांच्या कंठात. मराठीचा अध्यापक म्हणून मला वाटले की, सुट्टीत येऊन चार ओव्या टिपून नेण्यापेक्षा गावातच एका खोलीत संगणक ठेवावा. बायकांनी सवडीने यावे, जाते फिरवावे, गावे आणि आपलेच गाणे ऐकावे.

हे काम काही माझ्यापासून सुरू झालेले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञाने त्यातल्या कितीतरी ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले, आणि 2017 पासून ‘परी’ने ते भांडार लोकांपुढे मांडले. आमचा प्रयत्न त्यापुढे खारीचा.

प्रयोगादाखल एका स्नेह्याचा जुना संगणक नेला. आजींनी जात्याला हात घातला, दोन ओव्या म्हटल्या आणि थांबल्या.

“मास्तर, तुमचं ह्ये जातं लई वरडतंय. माज्या जात्याचा आवाज कसा ऐकू यायचा?”

बाई अगदी वर्मावर बोलल्या! तुम्ही म्हणाल, आवाज नंतर पुसता येत नाही का? येतो. एकसारखा चालणारा आवाज ओळखून तो वजा करणारे प्रोग्रॅम आहेत. पण जात्याची घरघर हीदेखील एकसारखीच चालते. पंख्याची घरघर पुसायला जावे तर तीही विटते, आणि तिच्याबरोबर आजींचा ओवीअखेरचा निःश्वासही जातो. तेव्हा नको असलेला आवाज मुळात होऊच न देणे, हाच मार्ग.

आता आवाज येतो कोठून? प्रोसेसर स्वतः मुका असतो. तो तापतो म्हणून पंखा ओरडतो. म्हणजे शांतता हवी तर उष्णता मोजावी. ती वॅटमध्ये सांगतात. मोठ्या प्रोसेसरांची उष्णता सव्वाशे वॅट आणि त्याहूनही वर जाते. एका गळ्याच्या ध्वनिमुद्रणाला एवढा पहिलवान कशाला? आम्ही ‘रायझन 5 5600जी’ निवडला. त्याला 6 कोअर आहेत, उष्णतेचा आकडा 65 वॅट. आणि चित्र दाखविण्याची सोय पोटातच असल्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड नको, त्याचा पंखाही नको. वीज कमी लागते, म्हणून इन्व्हर्टरवरही तो अधिक वेळ तग धरतो.

मदरबोर्डाच्या बाबतीत मात्र पत्रिका काटेकोर पाहावी लागते. इथे छत्तीसातले अठरा गुण जुळून भागत नाही! पहिला गुण सॉकेटचा. हा प्रोसेसर ‘एएम4’ सॉकेटचा. 2022 साली आलेल्या ‘एएम5’च्या बोर्डावर तो बसतच नाही. दुसरा रॅमचा. याला ‘डीडीआर4’ लागते. तिसरा बायॉसचा. सॉकेट जुळले तरी दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाचे बायॉस जुने असेल तर संगणक सुरू होत नाही. म्हणून बोर्ड बनविणाऱ्याच्या यादीत आपल्या प्रोसेसरपुढे बायॉसचा कोणता क्रमांक दिला आहे, ते आधी पाहावे. चौथा गुण आमच्या कामाचा: बोर्डावरच्या चिपसेटला स्वतःचा पंखा आहे काय? ‘एक्स570’च्या सुरुवातीच्या बोर्डांवर तसा छोटा, कर्कश पंखा होता. आम्ही पंखा नसलेला ‘बी550’ घेतला.

प्रोसेसरबरोबर मिळणारा लहान पंखा काढून उंच हीटसिंक आणि 120 मिलिमीटरचा पंखा लावला. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. हीटसिंकची उंची कॅबिनेटात मावते की नाही, हे घेण्यापूर्वी मोजावे. साठवणीला एसएसडी घेतली. तिच्यात फिरणारे काहीच नसते. पंख्याचा वेग बायॉसमधून उतरविला.

आणखी एक सूचना. संगणकाचा आवाज दुकानात पारखू नका. रस्त्यावरच्या रिक्षांच्या गदारोळात सगळीच यंत्रे साधुपुरुष वाटतात! रात्री घरी, सीलिंग फॅन बंद करून, हातभर अंतरावर बसून ऐका.

आता आहुप्याच्या त्या खोलीत जाते फिरते, बांगड्या किणकिणतात, आणि ओवीचा शेवटचा शब्द हवेत विरेपर्यंत ऐकू येतो. गाणाऱ्या बायका दरवर्षी कमी होत आहेत; पुन्हा गाऊन घेऊ, असे म्हणण्याची सोय नाही. म्हणून जो कोणी अशा कामासाठी यंत्र घेईल त्याने आधी त्याचे मौन पाहावे, बळ मागाहून.