शेल-आज्ञा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक : अधिकाराचा प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले भाषिक सहायक प्रारंभी केवळ उत्तरे देत असत. त्यांनी लिहिलेल्या मजकुराचा उपयोग करावयाचा की नाही, हे माणूस ठरवीत असे. २०२५ साली ‘क्लॉड कोड’, ‘कोडेक्स सीएलआय’, ‘जेमिनी सीएलआय’ यांसारखी साधने पुढे आली आणि ही स्थिती पुष्कळच पालटली. ही साधने स्वतः आज्ञा रचतात व संगणकाकडून त्या पार पाडून घेतात. संशोधनाची मूळ सामग्री ज्या संगणकावर असते त्यावरच ती चालविली जात असल्यामुळे, त्यांच्या हाती नेमका कोणता अधिकार येतो, याचा विचार अगत्याचा ठरतो.

शेल म्हणजे टंकलिखित आज्ञा वाचून ती अमलात आणविणारी आज्ञावली होय. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीचा आरंभ झाला. तिच्यामुळे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. शेल आज्ञेमागील हेतू पाहत नाही. आज्ञा ज्या खात्यातून आली, त्या खात्यास जे जे करण्याची मुभा आहे ते ते तिलाही करता येते. सहायकाचे कार्य चक्राकार चालते. भाषा-प्रतिमान एक आज्ञा सुचविते, त्यास जोडलेली आज्ञावली ती शेलकडे सोपविते, आलेले फलित पुन्हा प्रतिमानापुढे ठेवले जाते आणि त्यावरून पुढील आज्ञा ठरते. सहायक विद्यार्थ्याच्या खात्यातून चालत असल्यास, त्या खात्याचे सर्व अधिकार त्याला मिळतात.

येथे दोन प्रकारचे धोके संभवतात. पहिला प्रमादाचा. ‘आरएम’ ही फाइल काढून टाकणारी आज्ञा आहे. तिने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ‘जुने’ या शब्दापुढे लगेच तारांकन दिल्यास त्या शब्दाने आरंभ होणाऱ्या फाइलींची निवड होते. मध्ये एक मोकळी जागा पडली, तर तारांकन स्वतंत्र ठरून त्या फोल्डरातील जवळजवळ सर्व फाइली आज्ञेच्या कक्षेत येतात. ही चूक माणसाकडूनही होते. परंतु सहायक अल्पावधीत अनेक आज्ञा देत असल्याने ती लक्षात येण्यास अवसर राहत नाही.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली ‘गोंधळलेला प्रतिनिधी’ या नावाने त्याचे विवेचन केले. त्यांच्या उदाहरणातील फोरट्रान भाषेच्या कंपायलरला, वापराची आकडेवारी नोंदविण्यासाठी, प्रणालीच्या एका फोल्डरात लिहिण्याचा अधिकार होता. देयकांची फाइलही त्याच फोल्डरात होती. एका वापरकर्त्याने आपल्या कामाचा तपशील लिहिण्यासाठी त्याच फाइलीचे नाव दिले आणि कंपायलरने देयकांची माहिती पुसून त्यावर तो तपशील लिहिला. वापरकर्त्यास तो अधिकार नव्हता, कंपायलरला होता. विनंती एकाची व अधिकार दुसऱ्याचा, असा हा घोटाळा होता.

आजचा सहायक याच स्थितीत असतो. तो वाचत असलेल्या फाइलीत वा संकेतस्थळावर कोणी आज्ञावजा वाक्य पेरून ठेवले, तर वाचावयाची सामग्री कोणती आणि पाळावयाची सूचना कोणती, हा भेद भाषा-प्रतिमानास खात्रीने करता येत नाही; कारण दोन्ही एकाच प्रवाहात त्याच्यापुढे येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सायमन विलिसन यांनी या प्रकारास ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले.

यावर उपाय म्हणून प्रत्येक आज्ञेपूर्वी माणसाची संमती घेण्याची सोय असते. ती उपयुक्त आहे. तथापि शंभराव्या संमतीच्या वेळी पहिल्या वेळचे अवधान उरत नाही. निवडक आज्ञांनाच मोकळीक देण्याचा मार्गही अपुरा पडतो. ‘फाइंड’ ही आज्ञा वरवर पाहता केवळ शोध घेणारी वाटते. परंतु तिला ‘डिलीट’ हा पर्याय जोडताच ती सापडलेल्या फाइली नष्ट करते.

म्हणून मर्यादा सहायकाच्या विवेकावर न सोपविता त्याच्याबाहेर घालावयास हवी. साल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ साली मांडलेले न्यूनतम अधिकाराचे तत्त्व येथे लागू पडते: कामापुरताच अधिकार द्यावा, अधिक नव्हे. सहायकासाठी वेगळे खाते वा बंदिस्त परिसर असावा. त्यात पासवर्ड नसावेत. आवश्यकता नसल्यास इंटरनेटही नसावे.

मूळ सामग्रीविषयी विशेष दक्षता हवी. फाइल नुसती वाचनापुरती ठेवणे पुरेसे नाही. युनिक्समध्ये फाइल काढून टाकण्याची मुभा तिच्या फोल्डराच्या परवान्यावर अवलंबून असते, आणि मालकी असलेल्या खात्यास परवाना बदलताही येतो. यास्तव मूळ फाइल व फोल्डर या दोहोंची मालकी अन्य खात्याकडे ठेवून सहायकास केवळ प्रत द्यावी. त्याने चालविलेल्या आज्ञांची नोंदही त्याच्या आवाक्याबाहेर असावी.

नष्ट झालेली फाइल निदान लक्षात तरी येते. सर्वेक्षणातील काही ओळी स्क्रिप्टने नकळत गाळल्या, तर निष्कर्ष मात्र निर्वेध छापला जातो. त्या निष्कर्षाचे उत्तरदायित्व सहायकाकडे जात नाही; ते संशोधकाकडेच राहते. आज्ञा देण्याचे काम दुसऱ्यावर सोपविता येते, परंतु तिची मर्यादा आखण्याचे काम संशोधकानेच करावयाचे असते.