सायटिक नसेला फाटा नेमका कुठे फुटतो?



कंबरेपासून पायापर्यंत कळ गेली की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, 'सायटिकाचा त्रास दिसतोय.' आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. आज आपण ते दुखणं नाही, तर ज्या नसेवरून त्याला नाव मिळालं ती नस समजून घेऊ. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, म्हणून आधीच सांगते: इथे नस म्हणजे चेता, संदेश ने-आण करणारी.

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. सुरुवातीला तिची रुंदी जवळपास २ सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपल्या अंगठ्याएवढी! कंबरेचा खालचा भाग आणि त्रिकास्थी इथून निघणारी ५ चेतामुळं एकत्र येऊन ती तयार होते. कुल्ल्यात पिरिफॉर्मिस नावाचा एक स्नायू असतो, त्याच्या खालून ती बाहेर पडते आणि मांडीच्या मागून सरळ खाली उतरते. गुडघ्यामागच्या खळगीच्या वरच्या टोकाशी तिला दोन फाटे फुटतात. टिबियल हा फाटा पोटरीकडे आणि तळव्याकडे जातो. दुसरा, कॉमन पेरोनियल, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने वळून नडगीजवळच्या स्नायूंकडे आणि पावलाच्या वरच्या भागाकडे जातो. पाऊल वर उचलायचं काम याच्याकडे. तक्त्यावर आपण पाहतो ते चित्र एवढंच.

पण सगळ्यांचे पाय तक्त्याप्रमाणे नसतात. कुणात हा फाटा मांडीच्या मध्यावर फुटतो, कुणात कुल्ल्यातच, तर कुणात नस कंबरेच्या हाडांच्या घेरातून बाहेर पडायच्या आधीच दोन झालेली असते. अशा वेळी बहुधा टिबियल भाग पिरिफॉर्मिसच्या खालून येतो आणि पेरोनियल भाग त्या स्नायूला भेदून येतो. क्वचित तो स्नायूच्या वरूनही येतो. बीटन आणि अ‍ॅन्सन या शरीररचनाशास्त्रज्ञांनी १९३७ साली या मांडणीचे ६ प्रकार सांगितले, आणि डॉक्टरांच्या पुस्तकांत आजही तीच विभागणी वापरतात. दहातल्या आठ-नऊ जणांत तक्त्यासारखी मांडणी सापडते. आणखी एक, एकाच माणसाचा डावा पाय एका प्रकारचा आणि उजवा दुसऱ्या प्रकारचा असू शकतो!

असं का होतं? कारण खरं तर ही नस 'फुटत' नाहीच. घरातल्या वायरिंगची दुहेरी वायर आठवा. बाहेरून एक, आत मात्र दोन वेगळ्या तारा. वरचं आवरण कुठपर्यंत सोलायचं ते वायरमन ठरवतो, तारा मुळापासून दोनच असतात. सायटिक नसेचंही तसंच आहे. गर्भात पायाचा कोंब वाढत असताना त्याच्या दोन बाजूंच्या स्नायूंसाठी दोन वेगळ्या नसा तयार होतात, आणि त्या एका आवरणात शेजारी-शेजारी चालतात. आवरण संपतं त्या जागेला आपण फाटा म्हणतो.

याचा पुरावा मांडीतच आहे. मांडीच्या मागे बायसेप्स फिमोरिस नावाचा स्नायू आहे. त्याच्या लांब भागाला टिबियल तारेतून संदेश येतो, आखूड भागाला पेरोनियल तारेतून. बाहेरून नस अजून एकच दिसत असते, तरी आत कामाची वाटणी झालेली असते.

आता कुणी विचारेल, फाटा वर असला काय आणि खाली असला काय, काय फरक पडतो? चालायला-पळायला काहीच नाही. बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. नस स्नायूतून जाते म्हणजे ती दुखणारच, असंही समजू नका. वेगळी मांडणी असलेल्या कितीतरी लोकांना काडीचा त्रास नसतो.

फरक पडतो तो सुई आणि सुरी जवळ येते तेव्हा. कुल्ल्यावर इंजेक्शन देताना वरचा-बाहेरचा चौथा हिस्सा निवडतात, कारण नस आतल्या-खालच्या बाजूने जाते. तान्ह्या बाळांना पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात, त्यामागचंही एक कारण हीच नस. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जनला तिच्या अगदी जवळ काम करावं लागतं. तिथे एकाऐवजी दोन दोऱ्या असू शकतात हे ठाऊक नसेल, तर एक सांभाळताना दुसरी दुखावेल. पेरोनियल भाग तसाही लवकर दुखावतो, आणि मग पाऊल उचलत नाही, चालताना घासत जातं.

सगळ्यात थेट संबंध येतो भूल देताना. पावलाचं ऑपरेशन असेल तर कधीकधी पूर्ण भूल न देता गुडघ्यामागे सुई देऊन ही नस बधिर करतात. फाटा सुईच्या बराच वर असेल, तर औषध एका तारेला मिळतं आणि दुसरी जागीच राहते. मग तळवा बधिर, पण पावलाची वरची बाजू जागी! म्हणून आता डॉक्टर सोनोग्राफीवर आधी नस शोधतात. रुग्णाला पाऊल वर-खाली हलवायला सांगतात, तेव्हा पडद्यावर दोन्ही भाग सी-सॉसारखे आळीपाळीने वर-खाली होताना दिसतात. तिथून ते प्रोब हळूहळू मांडीकडे सरकवतात आणि दोन्ही जिथे एका आवरणात येतात त्या जागी औषध सोडतात.