मंदी, उद्योग आणि नोकरीची शाश्वती

मंदी आली की नोकऱ्या जातात, असे आपण सरसकट म्हणतो. परंतु ती सर्व उद्योगांत एकाच वेळी किंवा सारख्याच तीव्रतेने येत नाही. कोणाची नोकरी आधी धोक्यात येणार, हे पुष्कळसे दोन गोष्टींवर ठरते : त्या मालाची खरेदी ग्राहकाला लांबणीवर टाकता येते काय, आणि कामगाराच्या नावामागे कोणते विशेषण आहे.

पहिली गोष्ट उघड आहे. मीठ किंवा औषध यांची खरेदी थांबत नाही. मोटार आणि हिरा यांची थांबते. 2008 साली अमेरिकेत आर्थिक अरिष्ट ओढवले आणि तिकडची दागिन्यांची मागणी आटली, तेव्हा सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडणारे असंख्य कारागीर सौराष्ट्रातील आपापल्या गावी परतले. 2019 मध्ये देशातील वाहनविक्री घटली, तेव्हा मोठ्या कारखान्यांनी काही दिवस उत्पादन बंद ठेवले. कायम कामगारांपेक्षा कंत्राटी कामगारांना मात्र घरी बसण्याची पाळी आधी आली.

येथे विशेषणाचा प्रश्न येतो. कायम, बदली, हंगामी, रोजंदार, कंत्राटी हे शब्द केवळ नोंदवहीतले नाहीत. ‘बदली’ हाच शब्द पाहा. सरकारी नोकराची बदली होते, म्हणजे त्याची नोकरी पक्की असते. मुंबईच्या गिरणीतील कामगार मात्र स्वतःच ‘बदली’ असे : कायम कामगार गैरहजर राहिला, तरच त्याला त्या दिवसाचे काम मिळे. एकच शब्द एका ठिकाणी शाश्वतीची खूण, तर दुसऱ्या ठिकाणी तिच्या अभावाची!

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणजे मालकाने कामगाराला तात्पुरते काम देऊ न शकणे. अशा काळात, एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई ठरवलेली होती. बदली आणि नैमित्तिक कामगार तिच्यातून वगळलेले होते; मात्र वर्षभराची सलग सेवा भरली की बदली कामगारही त्या कलमापुरता बदली राहत नसे. हंगामी कारखाने आणि 50 हून कमी कामगारांचे कारखाने यांना ही तरतूद लागूच नव्हती. म्हणजे मंदीचा मार ज्यांना सोसवणे सर्वांत कठीण, ते छोटे कारखानेच या भरपाईच्या कक्षेबाहेर!

आज माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील ‘ले-ऑफ’च्या बातम्या वाचताना अर्थ पालटलेला दिसतो. तेथे हा शब्द कायमच्या कपातीसाठी वापरला जातो. कायद्याच्या भाषेत कपात निराळी : तिच्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन, असा हिशेब 1947 च्या कायद्यात होता. पत्रात कोणता शब्द आहे, यावर हातात पडणारी रक्कम बदलत असे. (2020 साली ‘लॉकडाऊन’साठी आपण ‘टाळेबंदी’ हा शब्द उचलला, तोही मुळात मालकाने कारखान्याला लावलेल्या कुलपाचा.)

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका कारखान्याच्या किंवा आस्थापनेच्या कामगारांसाठी प्रचलित असलेली विशेषणे नोंदवा आणि प्रत्येकाचा नोकरीच्या शाश्वतीशी असलेला संबंध स्पष्ट करा.